फायबरची बोट: हाताने थर, फवारणी की व्हॅक्यूम? तेरणाकाठी कोणती योग्य?

निलंगा : तेरणा आणि मांजरा यांचा संगम निलंगा तालुक्यात, औराद शहाजानी परिसरात होतो. पूर आला की इथे पहिला प्रश्न असतो बोटीचा. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात मुखेड तालुक्यातील गावांना ऑगस्ट २०२५ मध्ये पुराने वेढले, तेव्हा लष्कराला बोलवावे लागले. एनडीआरएफचा तळ पुण्याजवळ, तर एसडीआरएफचे तळ धुळे आणि नागपुरात आहेत. मदत पोहोचेपर्यंतचे काही तास भिस्त असते ती जवळच्या बोटीवर. ती धड असेल का, हे ती कशी बांधली आणि कधी दुरुस्त केली यावर ठरते.

ताकद कशात असते?
बोटीचे फायबर म्हणजे काचेच्या तंतूंची मॅट आणि रेझिन. ताकद तंतूंची, रेझिन त्यांना बांधून ठेवते. रेझिन जास्त झाले तर वजन वाढते, ताकद नाही.

तीन पद्धती
• हाताने थर : साच्यात मॅट अंथरून ब्रश-रोलरने रेझिन मुरवतात. खर्च कमी. मात्र हवेचे बुडबुडे राहिले तर थर कच्चा राहतो. मॅटच्या कामात वजनाच्या साधारण ३० ते ४० टक्केच तंतू असतात.
• फवारणी : गनमधून तुकडे केलेले तंतू आणि रेझिन एकत्र उडवतात. काम झटपट होते. जाडी सारखी ठेवणे कारागिराच्या हाती.
• व्हॅक्यूम इन्फ्यूजन : कोरडे कापड प्लास्टिकने झाकून पंपाने हवा काढतात, मग रेझिन आत ओढले जाते. तंतूंचे प्रमाण ६० टक्क्यांच्या पुढे जाऊ शकते. बोट हलकी आणि मजबूत होते. पण पंप, साहित्य आणि सरावलेले हात लागतात.

मग इथे कोणती?
नदीवरच्या छोट्या बोटीला नीट केलेले हाताचे काम पुरते. चिखलातून चार जणांनी उचलून न्यायची असेल, तर हलक्या बोटीसाठी जादा पैसे मोजणे परवडते. दुरुस्ती मात्र तिन्ही प्रकारांत बहुधा हातानेच होते.

दुरुस्ती कशी, कधी?
भेगेवर नुसती पट्टी चिकटवली तर ती सुटते. कडा जाडीच्या साधारण १२ पट उतरत्या घासाव्या लागतात. ५ मिलिमीटर जाडीला प्रत्येक बाजूने ६० मिलिमीटर. जुन्या थरावर इपॉक्सी रेझिन पॉलिस्टरपेक्षा घट्ट धरते. घासताना मास्क, हार्डनर हाताळताना चष्मा हवाच.

एप्रिल-मेच्या उन्हात रेझिन मुरण्याआधीच घट्ट होते, पावसाळ्यात ओलाव्याने थर नीट धरत नाही. त्यामुळे हे काम थंडी ओसरताना, फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकलेले बरे.

ताबा घेताना काय पाहाल?
नाण्याने तळ ठोकत जा. खणखणीत आवाजात मध्येच बद्द आवाज आला, तर तिथे थर सुटलेला असू शकतो. खरेदीच्या कागदात लांबी आणि आसनांसोबत बांधणीची पद्धत, थरांची संख्या आणि वजनही लिहून घ्या. पाणी चढल्यावर हे तपासायला वेळ नसतो.