आचाऱ्याने पंगतीत येऊ नये

लग्नाच्या पंगतीत एक गोष्ट आपण नेहमी पाहतो. पण तिचा विचार करीत नाही. आचारी मांडवात कधी दिसत नाही. तो मागे चुलाण्यापाशी असतो. मीठ, लिंबू, चटणी, पाणी हे वाढपी आपल्या अधिकारात वाढून मोकळे होतात. भात संपला, वरण संपले, की तेवढ्यापुरते आत जातात. एखाद्या यजमानाने काटकसर म्हणून वाढपी ठेवलेच नाहीत आणि आचाऱ्यालाच सांगितले की, बाबा रे, तूच रांध आणि तूच वाढ, तर काय होईल? पहिली पंगत कशीबशी उठेल. दुसरीला वरण करपेल.

हे सुचायला निमित्त झाले ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे. पदवीपर्यंत तो माझ्याकडे मराठी शिकला, पुढे हैदराबादेस जाऊन संगणकाच्या विद्येत पडला, आणि चार वर्षांपूर्वी धर्माबादला परत आला. आमचे गाव मिरचीचे. मोंढ्यात मिरचीची पोती उतरू लागली की परगावचा माणूस शिंकत शिंकत जातो. आम्हाला त्याचे काही वाटत नाही. या मुलाची आई ज्या बचत गटात आहे तो गट लाल तिखट, येसर आणि पापड करतो. मुलाने त्या मालासाठी इंटरनेटवर दुकान काढले. दुकानाची आज्ञावली जावा भाषेत लिहिलेली, आणि ती चालवणारा सर्व्हर टॉमकॅट नावाचा. पुण्या-मुंबईत राहणारी आमच्याकडची माणसे तिथून तिखट मागवू लागली.

गेल्या धनत्रयोदशीच्या आधीच्या रविवारी त्याने जाहीर केले की, सकाळी दहापासून तिखट सवलतीत मिळेल. दहाला पाच मिनिटे कमी असताना दुकान उघडे होते. दहा वाजून पाच मिनिटांनी ते बंद पडले. संध्याकाळी तो पडक्या चेहऱ्याने माझ्याकडे आला.

"सर, दुकान बसलं."

"का रे, गिऱ्हाईक आलं नाही?"

"आलं की, सर. लय आलं. म्हणूनच बसलं."

त्याहून वाईट गोष्ट त्याने मागाहून सांगितली. काही जणांचे पैसे खात्यातून गेले. पण त्यांची मागणी दुकानाच्या वहीत उतरलीच नाही. गटातल्या बायकांनी उधारीवर मिरची घेऊन कांडून ठेवली होती. आता पैसे परत करायचे, वर बोलणी खायची, आणि तिखट घरात पडून. त्याची आई त्याला काही बोलली नाही. तेच त्याला जास्त लागले होते.

मी विचारले, "असे झाले तरी कसे?" त्याने जे सांगितले ते मला पंगतीच्या भाषेत समजले, म्हणून त्याच भाषेत सांगतो. टॉमकॅटला मूळचे २०० हात असतात. कोणी काही मागितले की एक हात त्याच्यासाठी अडकतो आणि जिन्नस पोहोचता केल्यावरच मोकळा होतो. या मुलाच्या दुकानात एका पानावर तीस छायाचित्रे. तीसुद्धा आज्ञावलीच कोठारातून काढून देत असे. म्हणजे एका गिऱ्हाइकाने एक पान उघडले की आचाऱ्याला एकतीस हाका. त्यात कोणाचा फोन मंद गतीचा असला, तर पापडाचे चित्र त्याच्यापर्यंत जाईतो तो हात तिथेच. दोनशे हात होते. पण ते सगळे मीठ वाढण्यात गुंतले होते. मागणी लिहून घ्यायला एकही मोकळा नव्हता.

कोणी त्याला सल्ला दिला की, मोठे यंत्र भाड्याने घे. भाडे दुप्पट. पुण्याच्या एका मित्राने मात्र वेगळेच सांगितले : आचारी बदलू नकोस, पुढे वाढपी ठेव. म्हणजे टॉमकॅटच्या पुढे एक साधा वेबसर्व्हर उभा कर. तो फुकट मिळतो.

या वाढप्यांचा इतिहास फार जुना नाही. अपाची नावाचा वेबसर्व्हर १९९५ सालचा. जावा भाषाही त्याच वर्षी सन कंपनीने बाहेर आणली. टॉमकॅट मूळचा सन कंपनीतला. १९९९ मध्ये तो अपाची संस्थेच्या स्वाधीन झाला. त्याच वर्षी डॅन केगेल या अमेरिकन गृहस्थाने प्रश्न मांडला की, एका यंत्राने एका वेळी दहा हजार माणसांची सरबराई का करू नये? रशियात इगोर सिसोयेव्ह याने २००२ साली या प्रश्नाला हात घातला आणि २००४ मध्ये आपला 'इंजिन-एक्स' सर्वांना खुला केला. त्याची युक्ती चांगल्या वाढप्याचीच आहे. तो एकेका पानापुढे ठाण मांडून बसत नाही. सगळ्या पंगतीवर नजर ठेवतो, आणि ज्याला त्या क्षणी हवे असेल त्याला वाढून पुढे सरकतो. त्यामुळे थोडेच वाढपी हजारो पानांना पुरतात.

टॉमकॅट स्वतः दारात उभा राहू शकत नाही असे नाही. लहान दुकानाला तेवढे पुरतेही. पण गर्दी झाली की कामाची वाटणी हवी. चित्रे आणि सजावट वाढप्याने परस्पर द्यावी. आचाऱ्याकडून तयार पान झटकन उचलून घ्यावे आणि मंद फोनवाल्याला ते सावकाश पोचवावे. दाराचे कुलूप, म्हणजे मजकूर गुप्त ठेवण्याची व्यवस्था, त्यानेच सांभाळावी. आचाऱ्याकडे यावी ती फक्त खरी ऑर्डर.

हे फक्त तिखटाच्या दुकानापुरते नाही. धर्माबादच्या माणसाला मुंबईस जायचे असले की देवगिरी एक्स्प्रेस, आणि आयत्या वेळी जायचे असले की तत्काळचे तिकीट. वातानुकूलित डब्यासाठी दहा वाजता आणि साध्या शयनयानासाठी अकरा वाजता देशभर जी झुंबड उडते, तिच्यात आपणही बोटे सज्ज ठेवून बसलेले असतो. रेल्वेची ही तिकीटविक्री २००२ साली सुरू झाली. २०१४ मध्ये नवी व्यवस्था आली तेव्हा मिनिटाला २,००० तिकिटांची क्षमता ७,२०० वर गेली. त्या पानांच्या पत्त्याला 'जेएसएफ' असे शेपूट असे. म्हणजे कूळ जावाचेच. २२ मे २०२५ रोजी एका मिनिटात ३१,८१४ तिकिटे निघाली. रेल्वेने त्या सुमारास सांगितले की, पानांवरचा न बदलणारा ८७ टक्के मजकूर आता बाहेरच्या बाहेर, ठिकठिकाणी ठेवलेल्या सर्व्हरांवरून दिला जातो. इथेही मीठ-लिंबू वाढायचे काम आचाऱ्याकडून काढून घेतलेलेच आहे.

वाढपी ठेवला म्हणजे सारे झाले, असे मात्र नाही. आमच्या मुलाचे दोनदा चुकले, आणि त्या दोन चुका मला या सगळ्या प्रकरणाहून मोलाच्या वाटतात.

पहिली चूक नावाची. वाढपी पुढे उभा राहिल्यावर आचाऱ्याला पाहुणे दिसेनासे झाले. जो तो मागणारा वाढपीच. आज्ञावलीला प्रत्येक गिऱ्हाइकाचा पत्ता १२७.०.०.१ असा, म्हणजे 'घरातलाच', दिसू लागला. तिच्यात नियम होता की, पाच वेळा चुकीचा परवलीचा शब्द टाकणाऱ्या पत्त्याला तासभर दार बंद. कोणी एक विसराळू माणूस पाचदा चुकला आणि सगळ्या गिऱ्हाइकांना दार बंद झाले! उपाय सोपा होता. वाढप्याने प्रत्येक मागणीसोबत पाहुण्याचा खरा पत्ता आत कळवायचा, आणि आचाऱ्याने तो फक्त आपल्याच वाढप्याच्या तोंडून खरा मानायचा. कारण पाहुणा स्वतःचे नाव काहीही सांगू शकतो.

दुसरी चूक गंभीर. उत्साहाच्या भरात त्याने वाढप्याला सांगितले की, एकदा तयार झालेले प्रत्येक पान जवळ ठेव आणि पुढच्याला तेच दे. चाचणी घेताना त्याच्या आईच्या फोनवर परभणीच्या एका बाईचे नाव, पत्ता आणि फोन नंबर उमटला. आई म्हणाली, "अरे, हे माझं नव्हं. मग माझं कोणाला दिसतंय?" तो हादरला. हीच चूक मोठमोठ्यांकडून झालेली आहे. २५ डिसेंबर २०१५ रोजी स्टीम या खेळविक्रीच्या प्रचंड दुकानात नाताळच्या गर्दीत असेच घडले, आणि सुमारे ३४,००० लोकांची खासगी पाने भलत्यांना दिसली. मीठ कोणाच्याही पानात वाढले तर चालते. एकाचे उष्टे ताट दुसऱ्यापुढे सरकवता येत नाही. आता चित्रे तेवढी वाढप्यापाशी. ज्या पानावर माणसाचे नाव आहे ते दर वेळी आतून ताजे येते.

यंदा गौरींच्या आधी त्याने पुन्हा सवलत जाहीर केली. त्यापूर्वी तो माझ्याकडे एक काम घेऊन आला. फारच गर्दी झाली तर वाढप्याने काहींना थांबवायचे असते, आणि मूळ यंत्र अशा वेळी '५०३' असा आकडा आणि इंग्रजीत एक रुक्ष ओळ दाखवते. "सर, मराठीत काहीतरी चांगलं लिहून द्या." मी पाच-सहा ओळी लिहिल्या. सगळ्या व्याकरणशुद्ध होत्या. एकही चांगली नव्हती. शेवटी त्याच्या आईची ओळ ठरली : 'पंगत भरली आहे. जरा बसा, पुढच्या पंगतीला वाढतो.'

त्या दिवशी दहा वाजता मी त्यांच्या घरी होतो. काही जणांना ती ओळ दिसली; ते थांबले आणि पुन्हा आले. दुकान बसले नाही. ज्याचे पैसे गेले त्याची मागणी वहीत उतरली. दिवाळीची गर्दी याहून मोठी असेल. तिचे काय होते ते दिवाळीच सांगेल. बायकांनी मात्र या खेपेस मिरची रोखीने घेतली आहे.