समईला वंशावळ आहे, कंदिलाला का नाही?

वारशाने आलेल्या जुन्या दिव्याचा उगम शोधणे हा अलीकडे अनेक मराठी घरांतला आवडीचा उद्योग झाला आहे. माळ्यावरची समई किंवा लामणदिवा खाली काढायचा, चिंचेने नाहीतर पितांबरीने घासून लख्ख करायचा, फोटो काढायचा आणि खाली लिहायचे, ‘पणजोबांच्या काळातली, शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची’. मग कोणी विचारते, कुठल्या वाड्यातली? कोणाच्या रुखवतातली? घराण्याचे मूळ गाव कुठले? उत्तरे मिळत जातात आणि समईला एक वंशावळ तयार होते.

ही वंशावळ नेमकी कोणाची असते, हे नीट पाहायला हवे. ती दिव्याची नसते, मालकाची असते. दिवा कोणाच्या मालकीचा होता एवढ्यावर शोध थांबतो. तो कोणी ओतला, त्यात तेल कोणी पुरवले आणि कोणाच्या घरात असा दिवा असण्यालाच मनाई होती, हे तीन प्रश्न विचारले जात नाहीत. ते विचारले तर ‘घराण्याचा वारसा’ या गोड शब्दाखाली जातीची सगळी उतरंड उघडी पडते. म्हणून जुन्या वस्तूंचा उगम शोधण्याचे काम आपण बहुजनांनी हातात घेतले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

पीएच.डी.च्या कामासाठी मी सध्या म्हैसूरला देवराज मोहल्ल्यात राहते. जवळच देवराज मार्केट आहे. फुले, कुंकवाच्या राशी, उदबत्त्या, सुगंधी तेले आणि पूजेचे पितळी सामान घ्यायला तिथे रोज गर्दी असते. ऑगस्ट 2016 मध्ये या जुन्या इमारतीचा उत्तरेकडचा भाग कोसळला आणि ती पाडायची की जपायची हा वाद पेटला. कमानी, छप्पर, राजघराणे यांवर भरपूर बोलले गेले. पहाटे त्याच कमानींखालून पाठीवर पोती वाहून नेणारा हमाल मात्र वारसा या शब्दात कुठेच बसत नव्हता. दिव्यांच्या बाबतीत हेच घडते.

आधी समई घडवणाऱ्याचा प्रश्न घेऊ. महाराष्ट्रात धातूचे काम तांबट, कासार, ओतारी यांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. पुण्याच्या कसब्यातली तांबट आळी आजही त्याच नावाने ओळखली जाते. इकडे कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातले नागमंगल हे पितळ आणि काशाच्या ओतकामाचे जुने गाव आहे. मेणाचा नमुना, त्यावर मातीचा साचा, भट्टी, वितळलेला धातू, मग कानशीने केलेली सफाई. एका समईमागे इतके हात आणि इतके ज्ञान असते. पण आपल्याकडे भांड्यांवर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरण्याची पद्धत आहे ना, त्यात नाव कोणाचे असते? मालकाचे, नाहीतर ज्याच्या स्मरणार्थ भांडे दिले त्याचे. घडवणाऱ्याचे नाव शोधूनही सापडत नाही. पुण्यात दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेल्या संग्रहात दिव्यांचे मोठे दालन आहे आणि ते पाहण्यासारखे आहे. पण कुठल्याही संग्रहालयात गेलात तर पाटीवर सहसा धातू, प्रदेश आणि शतक एवढेच असते. कारागिराच्या जागी मौन असते.

हे मौन आपोआप आलेले नाही. धातूवर हुकूमत असलेल्या जातींनी सामाजिक मान मागितला तेव्हा त्यांना काय उत्तर मिळाले, याचा दाखला बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलन’ या 1936 च्या न झालेल्या भाषणात दिला आहे. सोनारांनी ब्राह्मणांसारखे धोतर नेसू नये, ‘नमस्कार’ हा शब्द वापरू नये म्हणून पेशवाईने जबरदस्ती केली आणि मुंबईतल्या सोनारांसाठी ईस्ट इंडिया कंपनीकडूनही मनाईहुकूम काढवून घेतला. म्हणजे देवघरात त्यांच्या हातचे काम चालत होते, त्यांचा नमस्कार चालत नव्हता.

तेलाचे तसेच. तीळ, करडई, जवसाचे तेल घाण्यावर काढणारा तेली गावगाड्यात खालच्या पायरीवर. लग्नाच्या वरातीत मशाल धरायची ती अनेक गावांत न्हाव्याने. उजेड एकाचा आणि तो हातात धरून चालायचे काम दुसऱ्याचे, ही वाटणी जातीनेच ठरवून दिली होती.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे. पितळी समई वारशाने यायची असेल तर आधी ती घरात असावी लागते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी फुटक्या भांड्यात जेवावे, लोखंडाचे दागिने घालावेत असे सांगितले आहे. ऐपत असली तरी शूद्राने धनसंचय करू नये, हेही त्याच अध्यायात आहे. हे फक्त पोथीत राहिले असे म्हणणाऱ्यांनी ‘जातिनिर्मूलन’ पुन्हा वाचावे. 1928 मध्ये इंदूर संस्थानातल्या बलाई समाजावर लादलेल्या अटींत सोन्या-चांदीचे दागिने न घालण्याची अट होती. नोव्हेंबर 1935 मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातल्या झानू गावात काही अस्पृश्य बाया धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या, तर सवर्णांनी त्यांना मारहाण केली. गुन्हा एवढाच, की डोक्यावरचे भांडे मातीचे नव्हते. ज्या समाजात धातूच्या भांड्यावरून मार बसतो, तिथे कोणाच्या माळ्यावर दीडशे वर्षांची समई सापडते आणि कोणाच्या नाही, हा नशिबाचा किंवा आवडीनिवडीचा भाग उरत नाही. समाजशास्त्रात आम्ही ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो, ते कधीकधी असे चक्क वजनकाट्यावर मोजता येते.

मग आमच्या घरांत काय आले? जर्मलची भांडी, पत्र्याची ट्रंक, दगडी पाटा-वरवंटा आणि दिव्याच्या नावाने चिमणी, नाहीतर कंदील. आमच्या घरात पिढ्यांनी जपलेली एकमेव जुनी वस्तू म्हणजे एक प्रभाकर कंदील.

या कंदिलाचा उगम शोधणे समईपेक्षा सोपे आहे, कारण तो कारखान्यात झाला. कऱ्हाडजवळची ओगलेवाडी हे त्याचे गाव. स्वदेशीच्या लाटेत तळेगाव दाभाड्यात एकेक पैसा जमवून पैसा फंडाचा काच कारखाना निघाला होता. पुढे 1916 मध्ये औंध संस्थानात ओगले बंधूंनी काच कारखाना उभारला आणि तिथला प्रभाकर कंदील घरोघरी गेला. स्वदेशी उद्योगाच्या इतिहासात ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते आणि तो अभिमान खोटा नाही. पण त्या गोष्टीतही संस्थापक आहेत, संस्थानिक आहेत, देशभक्ती आहे. भट्टीच्या धगीत काच फुंकणारे, पत्रा कापणारे, झाळणारे मजूर कुठल्या वस्त्यांतून येत होते, हे विचारले जात नाही. ठिपक्यांच्या जागी छाप आली, तरी नाव वरच्याचेच राहिले.

हा कंदील घरात कसा आला याबद्दल आमच्याकडे दोन कहाण्या आहेत. आजी सांगते, पणजोबांनी तो कऱ्हाडच्या बाजारात रोख पैसे देऊन घेतला. थोरले चुलते सांगतात, पाटलाच्या वाड्यात नवा आला तेव्हा जुना पणजोबांच्या हातात पडला. आजीला हे मुळीच मान्य नाही. ‘माझ्या सासऱ्यानं कुणाचं उतरलेलं घेतलं न्हाई,’ असे ती म्हणते आणि विषय संपवते.

यातले खरे कोणते, हे ठरवायला माझ्याकडे पावती नाही आणि त्याची मला घाईही नाही. भांडण कशावरून आहे ते मला जास्त महत्त्वाचे वाटते. पणजोबा येसकर होते. महार वतनात वेशीची राखण, सरकारी टपाल पोचवणे, साहेब आला की वाट दाखवणे ही कामे रात्री-अपरात्री करावी लागत आणि त्यासाठी नुसता एक माणूस नव्हे, सगळे घर बांधलेले असे. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले ते याच वेठबिगारीविरुद्ध. वतने खालसा करणारा कायदा 1958 साली झाला. तोवर आमचा कंदील गावाला वाट दाखवत होता. चुलत्यांच्या कहाणीत तो कंदील वतनाचा आहे, आजीच्या कहाणीत तो वतनातून बाहेर पडू पाहणाऱ्या माणसाने स्वकष्टाने घेतलेला आहे. समईवाल्या घरात असा वाद होत नाही. तिथे वस्तू दान मिळाली तरी इनाम म्हणतात. आमच्याकडे विकत घेतली हे सिद्ध करावे लागते.

कंदिलाचा बर्नर नीट बसत नव्हता म्हणून मी तो देवराज मोहल्ल्यातल्या जुन्या वस्तूंच्या एका दुकानात दाखवला. दुकानदाराने तो उलटापालटा करून पाहिला आणि विकणार का विचारले. मग, कुठल्या घराण्यातला? मी सांगितले, आमच्याच घरातला, महारवाड्यातला. तो क्षणभर थांबला आणि अगदी सहजपणे म्हणाला, तसे नका सांगू. मराठा सरदाराच्या वाड्यातला म्हटले तर दुप्पट किंमत येईल. त्याच्या बोलण्यात द्वेष नव्हता, बाजाराचे ज्ञान होते. वस्तू तीच, पत्रा तोच, काच तीच. किंमत ठरते ती तिच्या मालकाच्या जातीवर. प्राचीन वस्तूंचा 1972 चा कायदा वस्तूची शंभर वर्षे मोजतो, गिऱ्हाईक मात्र घराणे मोजते.

धर्माच्या हिशेबातही कंदील खालचाच. समई देवघरात, निरांजन ताटात, पणती तुळशीपाशी. घासलेटच्या दिव्याने कोणी औक्षण करत नाही. तो गोठ्यात, परसात, चुलीपाशी. पण याच घासलेटच्या उजेडाने जे केले ते समईने केले नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 मध्ये दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, कारण त्यांना शिकायला रात्रच उरत होती. परळच्या चाळीतल्या एका खोलीत, घर झोपलेले असताना, पहाटे दोनला उठून मिणमिणत्या दिव्यापाशी अभ्यास करणारे भीमराव आपल्याला ठाऊकच आहेत. आमच्या वस्त्यांत कंदिलाची काच राखेने पुसणे हे रोज संध्याकाळचे काम होते, कारण त्या एका काचेभोवती तीन-चार पोरे पुस्तक घेऊन बसायची. आमच्या घरातला पहिला मॅट्रिक याच कंदिलाच्या उजेडात झाला. समईचे वय सांगणारी घरे असतील. कंदिलाने किती पोरे शिकवली हे सांगणारी घरेही आहेत. वारसा म्हणून मला दुसरा हिशेब जास्त मोलाचा वाटतो.

‘आता दिव्यातही जात शोधणार का?’ हा प्रश्न येईलच. आम्ही ती दिव्यात घातलेली नाही. आजही लग्नाच्या वरातीकडे पाहा. नवरदेव घोड्यावर, पाहुणे नाचतात आणि दोन्ही बाजूंनी डोक्यावर दिव्यांची झुंबरे घेऊन वायरीने एकमेकांना बांधल्यासारखी माणसे चालतात. त्यांत बायाही असतात, कधी अंगावर लहान मूल असते. त्यांचा चेहरा कोणाच्या लग्नाच्या अल्बममध्ये नसतो. मशाल गेली, गॅसबत्ती गेली, वीज आली. उजेड वाहणाऱ्यांच्या वस्त्या फारशा बदलल्या नाहीत.

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांकडून येतो. दुःखाच्या वस्तू कशाला जपायच्या? वतनाचा कंदील फेकून द्यावा, असे माझ्या एका चुलतभावाला वाटते. त्याची चीड मला समजते. पण फेकलेल्या वस्तूची गोष्ट दुसरेच कोणी सांगते, आणि कसे सांगते ते दुकानदाराने मला दाखवले आहे. उर्मिला पवारांनी आत्मकथनाला ‘आयदान’ हे नाव दिले. आई विणायची त्या बांबूच्या वस्तूंचे नाव. त्या वस्तूला पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मान मिळाला, कारण ती विणणाऱ्या बाईच्या लेकीने लिहिले. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे आणि टाइपरायटर जपले गेले, ते कुठल्या राजाच्या देणगीने नव्हे तर अनुयायांच्या निष्ठेने.

हेच काम घरोघरी करता येईल. त्याला पैसा लागत नाही, वही लागते. घरात जी जुनी वस्तू असेल, कंदील, चिमणी, पाटा, हलगी, जर्मलचा डबा, तिच्यासमोर बसून घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारायचे. कुठून आली? पैसे कोणी दिले? त्या वेळी मजुरी किती होती? ही कोणाला वापरू दिली नाही? कहाण्या दोन निघाल्या तर दोन्ही लिहायच्या, सांगणाऱ्याच्या नावासकट. आणि ज्यांच्या घरात समई आहे त्यांनीही ओतणाऱ्याचा, तेलवाल्याचा प्रश्न आपल्या वहीत लिहावा. उत्तर नाही सापडले तर ती ओळ कोरी सोडावी. पणजोबांच्या नावाने भरू नये.

हे काम फार पुढे ढकलता येणार नाही. आजीच्या पिढीतल्या बाया एकेक करून जात आहेत, आणि त्यांच्याबरोबर कंदील कोणी, कशासाठी, किती दिवसांच्या मजुरीत घेतला हे सांगणारी शेवटची माणसेही.