फोटो 'काढला', परत कधी करणार?

मंडळी, या वीकेंडला जरा भांडायचं आहे. मुख्यतः स्वतःशीच, पण तुमच्यापैकी ज्यांच्या बॅगेत कॅमेरा आहे त्यांनाही सोडणार नाही.

झालं असं, की परवा आमच्या ऑफिसातल्या फोटोवाल्या ग्रुपमध्ये पुढच्या रविवारी कुठे जायचं यावर चर्चा चालू होती. एकजण म्हणाला, "भिवंडीला जाऊ. पॉवरलूम, धूळ, उन्हाची तिरीप... कसलं टेक्स्चर आहे तिथे!" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण माझा मामा नारपोलीत राहतो आणि ही चटक त्यांना मीच लावलेली. मी सरळ नाही म्हणालो. का, ते तिथे नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे.

काही वर्षांपूर्वी नवाकोरा डीएसएलआर गळ्यात अडकवून मी मामाकडे गेलो. त्याच्या ओळखीने एका मागाच्या कारखान्यात शिरलो. खटाक खटाक इतका आवाज की शेजारच्याशीही खुणांनी बोलायचं. हवेत कापसाचे तंतू, आणि धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा इकडून तिकडे. शटरचा वेग वाढवला तर फोटोत आडवे काळे पट्टे यायला लागले. कारण आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाल्या जुन्या ट्यूबा सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. शटर सेकंदाच्या शंभराव्या किंवा पन्नासाव्या भागावर ठेवलं की पट्टे जातात. हे सगळं शोधून शिकलो (इंजिनियर ना शेवटी!). ज्याचा फोटो काढत होतो त्याचं नाव विचारायचं मात्र सुचलं नाही.

दिवसभरात ४०० फोटो. त्यातला एक जमला: तुटलेला धागा जोडायला वाकलेला कामगार, पापण्यांवर कापूस. ब्लॅक अँड व्हाइट केला, 'श्रम' असं भारदस्त नाव दिलं, ऑफिसच्या स्पर्धेत पहिला नंबर! मोठी फ्रेम करून कँटीनबाहेर लागला.

पुढच्या खेपेला तोच माणूस मला बघून हसला आणि कानाशी येऊन ओरडला, "पिछला वाला किधर है?" त्याला गावी पाठवायचा होता. मी मोबाइलवर दाखवला. तो बघून म्हणाला, "इसमें तो कलर ही नहीं है." मग हात धुऊन, खुंटीवरचा चांगला शर्ट घालून उभा राहिला. मी रंगीत फोटो काढला आणि म्हटलं, पुढच्या वेळी आणतो.

पुढची वेळ सात महिन्यांनी आली. शेड रिकामी. माग भंगारात वजनावर गेले होते आणि जागेचं गोडाऊन व्हायचं होतं. माणूस गावी गेलेला, कुठल्या गावी ते मामालाही माहीत नाही. ती प्रिंट अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

मराठीत आपण चित्र काढतो, तसंच कर्जही काढतो. मी इतकी वर्षं समजत होतो की मी पहिल्या अर्थाने फोटो काढतोय.

आता तुमचे आक्षेप. "विचारलं की कँडिड मोमेंट मरतो." मरतो ना! पहिल्या खेपेला माणूस ताठ उभा राहतो, शर्ट खोचतो. चौथ्या खेपेला तुमच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. खरी अडचण ही की आपल्याला चौथ्यांदा जायचंच नसतं. "मग कष्ट दाखवायचेच नाहीत का?" जरूर दाखवा. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षं काढले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते फोटो बघवत नाहीत, पण ही घाण या माणसांच्याच वाट्याला का, हा प्रश्न ते विचारतात. 'टेक्स्चर' काहीच विचारत नाही. आणि नवीन लोकेशनचा हव्यास? प्रागचा योसेफ सुदेक पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावून बसला होता. दुसऱ्या महायुद्धात, शहर जर्मनांच्या ताब्यात असताना, त्याने स्वतःच्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढायला सुरुवात केली आणि पुढे अनेक वर्षं तीच खिडकी काढत राहिला. आपल्याला दर रविवारी नवा किल्ला लागतो.

माझी सवय आता बदलली आहे. महिन्यातून एक रविवार, नारपोलीतल्या त्याच दोन गल्ल्या, खिशातला फोन, आणि जास्तीत जास्त ३६ फोटो. रोलच्या आठवणीने गहिवरून वगैरे नाही हो, तेवढेच छापून परत नेऊन देता येतात म्हणून. आणि गंमत म्हणजे आता जास्त सापडतं. एका पानटपरीवर सुटे पैसे जुन्या धोट्याच्या पोकळीत ठेवलेले दिसले. विचारलं तर कळलं, टपरीवाले काका आधी माग चालवायचे. माग विकले, एक धोटा ठेवला. आधीचा मी धोट्याचा क्लोजअप घेऊन निघून गेलो असतो. आता त्या फोटोत काकाही आहेत, आणि त्याची प्रिंट टपरीत गणपतीशेजारी लावलेली आहे.

तेव्हा ग्रुपवाल्यांनो, नारपोलीला जरूर चला. अट एवढीच: पहिल्या रविवारी कॅमेरा बॅगेत, दुसऱ्या रविवारी फोटो, तिसऱ्या रविवारी प्रिंटा वाटायच्या. तीन रविवार नसतील तर येऊ नका.

आणि हो, कँटीनबाहेरची फ्रेम सोमवारी उतरवतोय. तिथे त्याचा चांगल्या शर्टातला रंगीत फोटो लावणार आहे. नाव मात्र काय लिहू? ते मी विचारलंच नव्हतं.