बायकांना तीनच का?

पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी सहाला घराबाहेर पडणाऱ्या बाईला कारण द्यावं लागतं. दूध, भाजी, देऊळ, कुणाचं आजारपण, ही कारणं चालतात. ‘पळायला चाललेय’ म्हटलं, की लगेच ‘या पावसात?’ पुरुषांनाही हा प्रश्न विचारतात म्हणा, पण त्यांना त्याच्या मागोमाग ‘मग चहाचं काय?’ असं कुणी विचारत नाही.

तरी बायका निघतात. ऑगस्टमधल्या एका रविवारी साताऱ्यात आमच्या भागातल्या एका मंडळाने शर्यत ठेवली होती. शंभर रुपये फी, एक टी-शर्ट, शेवटी केळं आणि चहा. पुरुषांना पाच किलोमीटर, महिलांना तीन. पुरुषांत वयाचे तीन गट, महिलांचा मात्र एकच ‘खुला गट’. म्हणजे कॉलेजातली नात आणि तिची आजी एकाच रांगेत! चौकशी केली तर संयोजक अगदी मनापासून म्हणाले, “ताई, पावसात बायकांना कशाला त्रास? तीन पुरे की.”

हेतू काही वाईट नव्हता. काळजीच होती. पण ही काळजी फार जुनी आहे, म्हणून तिच्याबद्दल लिहावंसं वाटतं. १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा ८०० मीटर धावल्या. जर्मनीच्या लीना राडकेने २ मिनिटं १६.८ सेकंदांचा विश्वविक्रम केला. वर्तमानपत्रांनी मात्र बायका कशा कोसळल्या, हेच तिखटमीठ लावून छापलं. शर्यत संपल्यावर दमायचं ते पुरुषांनीच, असा काही नियम असावा! ती शर्यत बायकांसाठी पुन्हा झाली ती थेट १९६० मध्ये. पुरुष १९१२ पासून ऑलिंपिकमध्ये पाच हजार मीटर धावत होते. बायकांना १९८४ मध्ये तीन हजार मिळाले, पाच हजारांसाठी १९९६ उजाडावं लागलं. पाच आणि तीन! आमच्या मंडळाने नकळत नेमका तोच हिशेब उचलला होता.

आणि साताऱ्यात तर हे मुळीच शोभत नाही. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओला तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली, दहावी आली. बायकांसाठी ही शर्यत ऑलिंपिकमध्ये आली तीच मुळी २००८ साली. दार उघडून आठच वर्षं झाली होती आणि माणची मुलगी आत होती. यवतेश्वरच्या घाटातली अर्धमॅरेथॉन २०१२ मध्ये सुरू झाली, तिथे बायका पुरुषांइतकेच एकवीस किलोमीटर धावतात. तेही घाट चढून.

असो. शर्यतीच्या दिवशी पाऊस धो धो नव्हता, पण थांबतही नव्हता. पावसात पळण्याची एक वेगळीच रीत आहे. रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि गटाराची लोखंडी झाकणं साबण लावल्यासारखी होतात, ती चुकवायची. साचलेल्या पाण्याखाली खड्डा किती खोल ते कळत नाही, म्हणून पावलं लहान टाकायची. सुती ओढणी-सलवार भिजून पायाला गुंडाळते, तेव्हा ती घरीच ठेवायची. काचू नये म्हणून आधी खोबरेल लावायचं. घरी आल्यावर बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे. (ही पुरवणी वाचून झाली असेल तर तीही चालेल.)

दीड किलोमीटरवर वळायचं होतं. तिथे छत्री घेऊन उभा असलेला पोरगा ओरडत होता, “ओ ताई, बायकांनी इथनं वळायचं!” आमच्यातल्या चौघी-पाचजणी सरळ पुढे निघाल्या. एक मावशी त्याला म्हणाल्या, “बाळा, पुढं माझी रतीबाची घरं हायेत. रोज जाते तिथवर, तीबी किटल्या घेऊन.” त्यांचा वेळ कुणी नोंदवला नाही. त्या पाच किलोमीटर पळाल्या आणि केळं घेऊन घरी गेल्या.

मला विचाराल तर त्रास पावसाचा नव्हताच. टी-शर्ट पांढरे, पातळ. भिजल्यावर प्रत्येकीचा हात छातीशी. पुरुषांनी शर्ट काढून पिळले आणि गप्पा मारत चहा घेतला. आम्हाला कपडे बदलायला आडोसा नाही, स्वच्छतागृहाला कुलूप आणि किल्ली कुणाकडे ते कुणालाच ठाऊक नाही. मैदानावर बक्षीस समारंभ चालू असताना निम्म्या बायका घरी पोचल्याही होत्या. काळजी करायचीच होती, तर ती इथे करायची होती.

पुढच्या वर्षीची नोंदणी सुरू होण्याआधी मंडळाला पत्र द्यायचं आम्ही ठरवलंय. मागण्या चारच: अंतर सारखं, वयाचे गट सारखे, गडद रंगाचे टी-शर्ट आणि कपडे बदलायला एक बंद तंबू. सोबत स्वच्छतागृहाची किल्ली. आतापर्यंत अठरा सह्या झाल्यात. एकोणिसावी माझ्या सासूबाईंची. साठीच्या पुढचा गट ठेवणार का, हे आधी विचारून घ्या म्हणाल्या, आणि मगच पेन हातात घेतलं.