वाहते चित्र आणि घरचा साठा

महाजालावरील चित्रफीत आपण पाहतो, तेव्हा ती आपल्याकडे येते असे वाटते. वस्तुतः ती आपल्याकडून केवळ वाहत जाते. काही सेकंदांचे तुकडे दूरच्या संगणकावरून येतात, पडद्यावर उमटतात आणि पुसले जातात. म्हणजे प्रत घरी येतेच. ती ठेवायची की नाही, एवढाच प्रश्न उरतो. सार्वजनिक महत्त्वाच्या चित्रफितींबाबत ती ठेवावी, असे माझे मत आहे.

मावळातलेच उदाहरण घेऊ. पवना धरणाचे पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्यास विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ पोलिसांनी गोळीबार केला. तिघांचा मृत्यू झाला. वृत्तवाहिन्यांनी त्याची दृश्ये दाखवली. १९२१ साली सुरू झालेल्या शेजारच्या मुळशी सत्याग्रहाचा इतिहास आपण कागदपत्रांवरून वाचतो. बऊरचा इतिहास पुढच्या पिढ्यांना पाहताही येईल. परंतु त्या दृश्यांचे जतन दूरच्या कंपन्यांच्या मर्जीवर सोडणे कितपत शहाणपणाचे? चित्रफितींसाठी २००५ मध्ये सुरू झालेली 'गूगल व्हिडिओ' ही सेवा २०१२ मध्ये बंद झाली. प्रसारण म्हणजे जतन नव्हे.

यावर कोणी म्हणेल, की हे काम संग्रहालयांचे आहे. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे आणि पी. के. नायर यांनी त्यासाठी आयुष्य वेचले, हे खरेच. तरीही १९३१ च्या 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. आणि जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच लागलेल्या आगीत संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिती जळाल्या. एकाच जागी ठेवलेला ठेवा, जागा कितीही चांगली असली, तरी धोक्यात असतो.

लोणावळ्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी मावळातून वाहत देहूला जाते. तिच्यात बुडालेली गाथा तरली, ही श्रद्धा सर्वांना ठाऊक आहे. अभंग शेकडो लोकांच्या मुखी होते, म्हणून गाथा तरली, असाही अर्थ लावला जातो. दोहोंपैकी काहीही माना. पण अनेकांपाशी असलेली गोष्ट बुडवणे कठीण असते, हे मान्य करावेच लागेल.

प्रताधिकाराचा आक्षेप मात्र गंभीर आहे. १९५७ च्या कायद्याचे कलम ५२, २०१२ च्या दुरुस्तीनंतर, संशोधनासह खासगी उपयोगासाठी केलेल्या न्याय्य वापरास मुभा देते. त्याच दुरुस्तीने आलेले कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडणे हा गुन्हा ठरवते. शिवाय यूट्यूबच्या अटी परवानगीविना चित्रफीत उतरवून घेण्यास मनाई करतात. तेव्हा नवा चित्रपट फुकटात मिळवणे आणि गावच्या आंदोलनाची नोंद राखणे यांत फरक केलाच पाहिजे. पहिल्याचे समर्थन मी करणार नाही. दुसऱ्यासाठी ज्याने चित्रण केले त्याचीच परवानगी मागावी, प्रतीसोबत तारीख, स्थळ आणि चित्रणकर्त्याचे नाव लिहून ठेवावे, आणि ती पुन्हा प्रसारित करण्याचा मोह टाळावा.

नोंद नसलेल्या घटनेबद्दल 'असे काही घडलेच नाही' असे म्हणणे सोपे असते. ते अवघड करून ठेवणे, एवढे तरी नागरिकाच्या हाती आहे.