जाग आणणारी घंटा

18 मे 2025 च्या पहाटे सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या एका कारखान्यास आग लागली व आठ जणांचे प्राण गेले. कारखान्याच्या आवारातच राहणारे कुटुंब त्यांत होते. 6 ऑक्टोबर 2023 रोजी मुंबईत गोरेगावच्या एका बहुमजली इमारतीत तळमजल्यावर आग लागून किमान सात जण दगावले, तेव्हाही वेळ पहाटेपूर्वीचीच होती. गाढ झोपेत धुराचा वास माणसास जागे करील याचा भरवसा नसतो. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला तर वासच नाही. ज्वाळा दारापर्यंत येण्यापूर्वी धूर आपले काम करून गेलेला असतो.

या घटना मोठ्या शहरांच्या, आपणांस त्यांचे काय, असे सांगोल्यात कोणी म्हणू नये. डाळिंबाच्या पैशावर व नोकरदारांच्या कर्जावर तालुक्याच्या गावांतही तीन-चार मजली इमारती केव्हाच उभ्या राहिल्या. खाली दुकाने, वर बिऱ्हाडे, जिना एकच, आणि जिन्याखाली वीजमीटर व त्यांना टेकून दुचाकी, हे त्यांचे नित्याचे रूप. आग जिन्यातच लागली तर वरच्यांची वाट बंद होते. जादा मदतीस पंढरपूरचा बंब बोलवावा, तर मध्ये तीसेक किलोमीटरचा रस्ता आहे.

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा 2006 सालचा आहे. बसविलेली यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र जानेवारी व जुलै असे वर्षातून दोनदा देण्याचे बंधन त्यात आहे. परंतु राष्ट्रीय बांधकाम संहितेचा मुख्य कटाक्ष पंधरा मीटर व त्याहून उंच इमारतींवर. ठेंगण्या जुन्या इमारतींत मुळात यंत्रणाच नसते, मग प्रमाणपत्र कशाचे द्यावयाचे?

अशा इमारतींत भिंती फोडून मध्यवर्ती यंत्रणा बसविणे रहिवाशांना झेपणारे नाही, हे मान्य. तथापि सर्व नाही म्हणून काहीच नाही, हा न्याय घातक होय. बॅटरीवर चालणारे, छताला दोन स्क्रूंनी बसणारे धूरसूचक यंत्र साधारण हजार-दोन हजार रुपयांत मिळते. झोपण्याच्या खोलीबाहेर एक व जिन्याच्या माथ्यावर एक, एवढ्याने आरंभ व्हावा. थोडा अधिक खर्च सोसेल तेथे बिनतारी जोडणीची यंत्रे घ्यावीत. एक वाजले की सारी वाजतात, आणि तळमजल्याचा धूर तिसऱ्या मजल्यास तत्काळ कळतो. इंग्लंडमध्ये 2015 पासून भाड्याच्या घरांत प्रत्येक मजल्यावर असे एक यंत्र सक्तीचे आहे.

फोडणीच्या धुराने घंटा वाजत राहील, ही तक्रार खरी आहे. म्हणून स्वयंपाकघरात धुराऐवजी उष्णता ओळखणारे यंत्र लावावे. घंटेस कंटाळून बॅटरी काढून ठेवणे म्हणजे पहारेकऱ्यास अफू देणे होय. महिन्यातून एकदा बटण दाबून आवाज ऐकावा आणि दहा वर्षांनी यंत्र बदलावे.

खर्च कोणी करावयाचा? एकाने घेतले व शेजाऱ्याने घेतले नाही, तर पहिल्याची सुरक्षितता अर्धीच राहते. म्हणून हा विषय खाजगी मर्जीचा न ठेवता गृहनिर्माण संस्थेने हाती घ्यावा. 30 सप्टेंबरपूर्वी वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते; रंगकाम व पाण्याची टाकी यांबरोबर हाही विषय पत्रिकेवर यावा आणि दुरुस्ती निधीतून खर्चास मंजुरी घ्यावी. जेथे संस्थाच नोंदलेली नाही, तेथे वर्गणी काढावी. भाडेकरू असेल तेथे खर्च मालकाने सोसावा. नगरपरिषदेने अशा इमारतींना मालमत्ता करात अल्पशी सवलत दिली, तर तिजोरी रिती होणार नाही.

घंटा आग विझवीत नाही. जुन्या वायरी बदलणे आणि जिना मोकळा ठेवणे या कर्तव्यांतून ती कोणास मुक्तही करीत नाही. ती देते ती केवळ दोन-चार मिनिटे; परंतु लेकराला कडेवर घेऊन, म्हाताऱ्यास हात देऊन जिना उतरावयास तेवढीच लागतात.