आईची दोन नावं आणि एक खिडकी

आज थोडं रागानंच लिहितोय. कुणाला टोचलं तर टोचू दे.

आमचं गाव सीमाभागातलं. पावसाळ्यात भात आणि घरटी एकजण मराठा लाइट इन्फंट्रीत, ही आमच्याकडची जुनी वहिवाट. बेळगावला रेजिमेंटचं सेंटर १९२२ पासून आहे, त्यामुळे भरती म्हटली की आमच्या पोरांचे पाय आपोआप तिकडं वळतात. बाबाही तसेच गेले. ७१ ची लढाई बघितली, हवालदार होऊन परत आले, शेती केली आणि चार वर्षांपूर्वी गेले.

आईच्या फॅमिली पेन्शनचे कागद घेऊन आम्ही जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. कुठला जिल्हा ते लिहीत नाही. एका खिडकीवर राग काढून काही होत नाही.

खिडकीतल्या माणसानं कागद चाळले आणि म्हणाला, "रेकॉर्डला नाव एक, आधारला दुसरं. ही बाई तीच कशावरून?"

आई म्हणजे बाबांच्या मामाची मुलगी. लहानपणापासून ज्या नावानं ओळखत होते तेच माहेरचं नाव बाबांनी पलटणीत लिहून दिलं. इकडं लग्नात आजीनं नाव बदललं आणि रेशन कार्डापासून आधारपर्यंत सासरचं नाव लागलं. आपल्यात किती घरांत असं आहे, तुम्हीच मोजा.

पहिल्या खेपेला सांगितलं, ॲफिडेव्हिट आणा. आणलं. दुसऱ्या खेपेला, गावचा दाखला पण पाहिजे. तिसऱ्या खेपेला, ॲफिडेव्हिटात आडनावाचं स्पेलिंग चुकलंय. चौथ्या खेपेला साहेब मीटिंगला. पाचव्या खेपेला, हा फॉर्म जुना झाला. प्रत्येक खेपेला दोन एसट्या बदलायच्या, गुडघे धरून जिना चढायचा. आई तेव्हा ७२ वर्षांची. बाकावर बसून मला हळूच म्हणाली, "बायको कुणाची, हे आता मला सिद्ध करायचं होय रे?"

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजून नाही.

अकरा महिन्यांनी काम झालं. केलं कुणी? कार्यालयाबाहेर झाडाखाली बसणाऱ्या एका रिटायर सुभेदार काकांनी. त्यांना कुणी नेमलेलं नाही, पगार नाही. पिशवीत कोरे फॉर्म आणि चष्मा. आईचे कागद एकदा बघून त्यांनी काय काय लागेल ते एका चिठ्ठीवर मराठीत लिहून दिलं. त्या चिठ्ठीनं काम झालं. मग प्रश्न असा की ती चिठ्ठी आम्हाला पहिल्या दिवशी खिडकीतून का मिळाली नाही?

लगेच उत्तर येतं, "पेन्शन केंद्राची, आम्ही काय करणार?" अहो, म्हणूनच तर तुम्ही आहात! दिल्लीत केंद्रीय सैनिक बोर्ड, राज्यात राज्य सैनिक बोर्ड, जिल्ह्यात तुमचं कार्यालय. खर्च केंद्र आणि राज्य मिळून करतात. रेकॉर्ड ऑफिस आणि गावातली म्हातारी, या दोघांच्या मधला सांधा म्हणून ही व्यवस्था उभी केली. सांध्यानंच हात झटकले तर उरलं काय? शाळेत ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा कागदी झेंडा छातीला लावून आम्ही पैसे दिलेत. १९४९ पासून देश देतोय. ते काय जिने चढायला लावण्यासाठी?

दुसरं उत्तर, "इथं भाषेचा विषय काढू नका." काढणार. १ नोव्हेंबर १९५६ ला आमची गावं दुसऱ्या राज्यात गेली, पण आमच्या पोरांनी पलटण बदलली नाही. घटनेचं ३५० वं कलम सांगतं की गाऱ्हाण्याचा अर्ज संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतो. म्हणजे आईचा मराठी अर्ज घेणं हे उपकार नव्हेत. पण खरं सांगायचं तर त्या बाकावर आईशेजारी एक कन्नड आजी बसायची. तिचाही नवरा फौजेतला, तिचाही फॉर्म इंग्रजी, तिच्याही खेपा तेवढ्याच. दोघींना एकमेकींचं निम्मं बोलणं कळायचं आणि दुःख पूर्ण कळायचं. तेव्हा हे मराठी-कन्नड भांडण करू नका. दोघींच्या भाषेत कागद ठेवा, एवढंच मागणं आहे.

आणखी काय मागायचं? फार नाही. पहिल्याच भेटीत लागणाऱ्या सगळ्या कागदांची यादी, खाली सही-शिक्का. नंतर नवा कागद मागितला तर चूक कार्यालयाची. महिन्यातून एक ठरलेला दिवस तालुक्याला. जिना चढता येत नसेल तर खाली येऊन कागद घ्यायचे. आणि माजी सैनिक जिवंत असतानाच त्यांना बोलावून बायकोचं नाव, जन्मतारीख, स्पेलिंग जुळतंय का ते बघायचं. तो बाप्या असताना जे काम सहज होतं, त्याला तो गेल्यावर अकरा महिने लागतात.

माणसं कमी आहेत, मान्य. तिथले साहेब बहुतेक स्वतः फौजेतले असतात, त्यांना कळवळा नाही असं मी म्हणणार नाही. पण खिडकीपर्यंत कळवळा पोचत नसेल तर त्याचा आईला उपयोग काय?

आता थोडं आपल्यालाही. २६ जुलैला आणि १६ डिसेंबरला आपण किती स्टेटस ठेवतो! मीसुद्धा ठेवायचो. पण गावातल्या किती विधवांचे फॉर्म भरून दिले? मी बाबा असताना त्यांचं डिस्चार्ज बुक एकदाही उघडून बघितलं नव्हतं. पेटीत, रेशमी फडक्यात, मेडलांबरोबर ठेवलेलं होतं. उघडलं असतं तर आईचं माहेरचं नाव मला तेव्हाच दिसलं असतं.

म्हणून हात जोडून सांगतो. घरात कुणी माजी सैनिक असेल तर आज संध्याकाळी ते बुक काढा. त्यांना शेजारी बसवा. आईचं नाव, तारीख आधारशी ताडून बघा. फरक दिसला तर त्यांच्याच सहीनं दुरुस्तीचा अर्ज द्या, आणि पोच घ्या. शिक्का मारलेली पोच. तोंडी "होईल की ओ" वर घरी येऊ नका.